डबा सीलबंद ठेवा, पावती जपा

१४ ऑगस्ट २०२२. टोरांटोच्या टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रोमानियाची सिमोना हालेप आणि ब्राझीलची बियात्रिस हद्दाद माया समोरासमोर होत्या. हालेपने तीन सेटमध्ये बाजी मारली. हद्दाद माया उत्तेजक प्रकरणातली दहा महिन्यांची बंदी भोगून परतली होती. हालेपचे असेच प्रकरण अवघ्या पंधरा दिवसांत सुरू होणार होते. दोघींच्याही प्रकरणाचे मूळ निघाले सप्लिमेंटमध्ये.

२९ ऑगस्टला यूएस ओपनची पहिलीच फेरी हरल्यावर हालेपने लघवीचा नमुना दिला. त्यात रोक्साडस्टॅट सापडले. मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात होणाऱ्या रक्तक्षयावरचे हे औषध रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवते. हालेपने ते घेतल्याचे ठामपणे नाकारले. संशय गेला कोलाजेनच्या एका सप्लिमेंटवर. हे कोलाजेन आपल्याच चमूने तिला दिले होते, असे तिचे तेव्हाचे प्रशिक्षक पॅट्रिक मुरातोग्लू यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायाधिकरणाने सप्लिमेंट दूषित असल्याचे मान्य केले, पण तिने घेतलेल्या मात्रेतून नमुन्यात इतके रोक्साडस्टॅट येणार नाही, असे म्हणत चार वर्षांची बंदी घातली. मार्च २०२४ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने ती नऊ महिन्यांवर आणली. तोवर जवळपास दीड वर्ष ती खेळाबाहेर होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये रोमानियातल्या क्लुजला, ३३व्या वर्षी, विम्बल्डन जिंकलेल्या या खेळाडूने निवृत्ती पत्करली. गुडघ्याचे दुखणे होतेच, पण ऐन उमेदीतले गेलेले ते दिवस कोणत्याही लवादाला परत देता आले नाहीत.

पोलंडची टेनिसपटू इगा श्वियाँतेकचे प्रकरण मात्र लवकर मिटले. ऑगस्ट २०२४ मधल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे हृदयविकारावरचे औषध आढळले. प्रमाण होते दर मिलिलिटरला ५० पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. प्रवासात झोप लागावी म्हणून घेतलेल्या मेलाटोनिनच्या गोळ्यांत ते मिसळले गेल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. पोलंडमध्ये या गोळ्या नियंत्रित औषध म्हणून विकल्या जातात. त्यामुळे तिचा दोष अगदी किरकोळ धरला गेला आणि बंदी लागली एक महिन्याची.

शिक्षांमधल्या या तफावतीवर हालेपने उघडपणे नाराजी व्यक्त केली. तिचे दुःख खरे आहे. पण नियमाची चौकटही समजून घ्यायला हवी. शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले की जबाबदारी खेळाडूचीच. ते कुठून आले हे त्यानेच दाखवायचे, आणि वस्तू निवडताना किती काळजी घेतली यावर शिक्षा ठरते. औषध म्हणून नियंत्रित असलेल्या गोळीला मिळणारी सवलत सप्लिमेंटच्या पावडरीला सहसा मिळत नाही. हद्दाद मायाचे सप्लिमेंट तर औषधालयात खास तिच्यासाठी मिसळून बनवलेले होते. ब्राझीलचाच थॉमाझ बेलुची २०१७ मध्ये अशाच मल्टिव्हिटॅमिनमुळे पाच महिने बाहेर बसला. एकाच ठिकाणी दुसऱ्यांची औषधे कुटली-मिसळली जात असतील, तर कण इकडचे तिकडे जाणारच.

आपल्याकडे टेनिस अकादमीत मूल घालणाऱ्या आई-बाबांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. ज्युनियर खेळाडूंनाही उत्तेजकविरोधी नियम लागू आहेत. लेबलवर सगळे घटक छापलेले असतीलच, या भरवशावर राहू नका. गरज खरोखर आहे का, हे आधी क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना विचारा. जिममधल्या ओळखीच्याला नको. घ्यायचेच असेल तर ज्याच्या प्रत्येक बॅचची स्वतंत्र तपासणी होते, असेच उत्पादन घ्या. त्याच बॅचचा एक डबा न उघडता ठेवा, बॅच क्रमांकाचा फोटो काढा, पावती जपा. उघडलेल्या डब्यात कुणी काही मिसळले असेल, अशी शंका घेता येते. सीलबंद डब्यावर ती घेणे अवघड. नमुना देताना मागच्या सात दिवसांत घेतलेली औषधे आणि सप्लिमेंट विचारणारा रकाना असतो. सामना हरल्यावर थकून तो घाईने भरू नका. झोपेची साधी गोळीसुद्धा त्यात लिहा.

डबा आधीच घरात आला असेल, तर मुलाला पुढचा चमचा देण्यापूर्वी तो डॉक्टरांना दाखवा.