निखारा, ज्योत आणि विजेची ग्रिल

प्रस्तावना

स्वयंपाकघरात नवे उपकरण आणायचे की नाही, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु त्यामागे चवीची आवड, घरखर्चाचे गणित, घरातील माणसांचे आरोग्य आणि परिसरातील हवा अशा अनेक बाबी गुंतलेल्या असतात. जाहिरातीत उपकरणाचे गुणच सांगितलेले असतात. आपल्या घरात ते कितपत उपयोगी पडेल, याचा विचार मात्र आपणच करावा लागतो. प्रस्तुत पाठात नोएडासारख्या शहरातील घरगुती वापराच्या दृष्टीने विजेच्या ग्रिलचा असाच विचार केला आहे. एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडून निर्णयापर्यंत कसे पोहोचावे, हेही या वैचारिक लेखातून शिकता येईल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
- भाजणे या क्रियेमागील शास्त्रीय कारणे सांगणे;
- उपकरणाची किंमत व प्रत्यक्ष वापर यांचा हिशेब मांडणे;
- कोळशाच्या व विजेच्या वापरातील धोके ओळखणे;
- पाकक्रियादर्शक क्रियापदांमधील अर्थच्छटा स्पष्ट करणे.

मूळ पाठ

१. भाजण्याची परंपरा

भाजणे ही माणसाने आत्मसात केलेली बहुधा सर्वांत जुनी पाककृती होय. भांड्यांचा शोध लागण्यापूर्वीही अन्न विस्तवावर भाजले जात असे. महाराष्ट्रात या परंपरेच्या खुणा आजही ठळक आहेत. थंडीत ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आरावर भाजून हुरडा केला जातो. खानदेशात भरताची वांगी तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु त्या वांग्यांइतकाच त्यांना भाजणारा जाळही भरिताच्या चवीचा वाटेकरी आहे.

नोकरीनिमित्त नोएडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला हा जाळ सहज मिळत नाही. रस्त्याकडेला लिट्टी-चोख्याच्या गाडीवर भाजलेले वांगे दिसते, त्याचा वासही ओळखीचा वाटतो. पण बाराव्या मजल्यावरील सदनिकेत काड्या पेटवणे शक्य नसते. अशा वेळी ‘धुराविना भाजा’ असे सांगणारी विजेची ग्रिल लक्ष वेधून घेते.

२. ग्रिल म्हणजे काय?

बाजारात ग्रिल या नावाखाली निरनिराळी उपकरणे विकली जातात. पहिल्या प्रकारात एक तापणारा सपाट किंवा खाचा असलेला तवा असतो. दुसऱ्या प्रकारात वर आणि खाली असे दोन तवे असून पदार्थ त्यांच्यामध्ये दाबून भाजला जातो. विजेचा तंदूर हा तिसरा प्रकार. त्यात तापलेल्या तारांच्या उष्णतेने पदार्थ भाजतो. याशिवाय ज्या घरात ओव्हन-टोस्टर-ग्रिल आहे, तेथे वरच्या तारांनी भाजण्याची सोय आधीपासूनच असते. अनेकदा याचा विसर पडून त्याच कामासाठी दुसरे उपकरण घेतले जाते.

दोन तव्यांच्या ग्रिलला जगभर प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेत. १९९४ साली तेथे मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन यांच्या नावाने अशी ग्रिल बाजारात आली. तिचे तवे तिरके असल्यामुळे मांसातील वितळलेली चरबी खालच्या तबकात गळून पडत असे आणि हाच तिचा मोठा गुण मानला गेला. आपल्याकडील पनीर, सिमला मिरची, रताळे किंवा कणीस यांतून अशी चरबी गळत नाही. त्यामुळे जो गुण एका देशातील आहाराला मोलाचा ठरला, तोच दुसऱ्या आहाराला फारसा उपयोगी नसू शकतो.

३. खमंगपणा आणि धुरकटपणा

भाजलेल्या पदार्थाची चव दोन गोष्टींनी बनते. पहिली म्हणजे खमंगपणा. पदार्थातील प्रथिनांचे घटक व शर्करा सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या पुढे एकमेकांशी संयोग पावू लागतात आणि तपकिरी रंग व सुवास निर्माण होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार यांनी १९१२ साली या प्रक्रियेचे वर्णन केले. विजेच्या ग्रिलचा तवा साधारणपणे २०० अंशांच्या पुढे तापतो; म्हणून खमंगपणा ती निश्चित देऊ शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे धुरकटपणा. तो लाकडाच्या ज्वलनातून आणि निखाऱ्यांवर ठिबकणाऱ्या तेला-रसाच्या धुरातून येतो. नुसत्या निखाऱ्याला स्वतःचा स्वाद फारसा नसतो. ग्रिलमध्ये रस जळत्या निखाऱ्यावर पडतच नाही. त्यामुळे धुराबरोबर धुराचा स्वादही जातो. ‘धूर नाही आणि चव मात्र तीच’ हा दावा म्हणूनच पूर्णांशाने खरा मानता येत नाही.

तापमानाचाही भेद आहे. निखाऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान सहाशे-सातशे अंशांच्या घरात असते. त्या तीव्र आचेने वांग्याची साल काळी पडते आणि आतला गर स्वतःच्या वाफेत शिजतो. दोन तव्यांमध्ये दाबलेले वांगे मऊ होते, काही ठिकाणी तपकिरीही होते. परंतु त्याचे भरीत खानदेशी भरिताच्या जवळ जात नाही. त्यापेक्षा गॅसच्या ज्योतीवर जाळी ठेवून भाजलेले वांगे मूळ चवीच्या अधिक निकट असते. भाकरी फुगवायची किंवा पापड भाजायचा, तरी ज्योतच हवी. याउलट पनीरचे तुकडे, मसाला लावलेले मासे, भाज्यांचे काप आणि भरलेला पाव ही कामे ग्रिल समाधानकारकपणे करते.

४. धुराचा प्रश्न

मग खरी चव हवी म्हणून घरातच शेगडी पेटवावी काय? येथे विचाराला वेगळे वळण मिळते. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने या वायूला चिकटते आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. उत्तर भारतात कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. लाल फुललेल्या निखाऱ्यांतून धूर निघत नाही, म्हणून ते निर्धोक आहेत, हा समज प्राणघातक आहे. काचा लावून बंद केलेली गच्चीही या दृष्टीने खोलीच समजावी.

हा प्रश्न घराच्या चार भिंतींपुरता नाही. नोएडा ज्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात आहे, तो राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा भाग आहे. या क्षेत्रातील हवेसाठी २०१७ साली टप्प्याटप्प्याच्या उपाययोजनांचा आराखडा अधिसूचित झाला. हवेचा दर्जा घसरल्यावर लागू होणाऱ्या या उपायांत हॉटेले, उपाहारगृहे व उघड्या खाद्यगृहांच्या तंदुरांत कोळसा आणि लाकूड वापरण्यास मनाई करण्याचाही समावेश आहे. मुंबईतही जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने कोळसा व लाकूड वापरणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. निखाऱ्याची चव आणि सर्वांनी श्वासात घ्यायची हवा यांच्यातील हा संघर्ष आहे.

विजेची ग्रिल या बाबतीत निःसंशय उजवी ठरते. तथापि वीज म्हणजे प्रदूषणाचा पूर्ण अभाव नव्हे. भारतातील सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अद्याप कोळशापासून बनते. धूर आपल्या घरातून दूरच्या केंद्राकडे जातो, इतकेच. शिवाय नोएडातील अनेक उंच गृहसंकुलांत वीज खंडित होताच सामायिक डिझेल जनित्र सुरू होते. त्या विजेचा दर नेहमीच्या विजेपेक्षा बराच अधिक असतो. जनित्र चालू असताना ग्रिल वापरणे खिशाला आणि हवेला, दोन्हींना महाग पडते.

५. खर्चाचा हिशेब

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. दीड हजार वॅटची ग्रिल वीस मिनिटे चालवली, तर जास्तीत जास्त अर्धे युनिट लागेल. उदाहरणादाखल युनिटचा दर ८ रुपये धरल्यास हा खर्च ४ रुपये होतो. म्हणजे विजेचा खर्च हा खरा अडसर नव्हे.

खरा प्रश्न खरेदीच्या किमतीचा व वापराचा आहे. समजा, ग्रिलची किंमत ४,००० रुपये आहे आणि ती पाच वर्षे टिकेल. आठवड्यातून एकदा वापरली, तर पाच वर्षांत २६० वेळा वापर होईल आणि प्रत्येक वापराला सुमारे १५ रुपये पडतील. पण नव्याचे नऊ दिवस सरले आणि बारा वेळा वापरून ती माळ्यावर गेली, तर प्रत्येक वापर ३३३ रुपयांना पडेल. उपकरण तेच, किंमतही तीच. वापर बदलला की महाग-स्वस्ताचा अर्थ बदलतो.

या हिशेबात ओट्यावरील जागा आणि साफसफाईचे श्रमही धरले पाहिजेत. घरात हे श्रम बहुधा एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात. खाणारे चार आणि खाचांतील चिकट मसाला घासणारी एक, अशी स्थिती असेल, तर खरेदीच्या निर्णयात त्या व्यक्तीचे मत सर्वांत आधी विचारात घ्यायला हवे.

६. सुरक्षितता

घरातील लहान सॉकेट साधारणपणे ६ अँपिअरचे असते. २३० व्होल्ट दाबाला त्यातून सुमारे १,३८० वॅटपर्यंतचेच उपकरण चालवणे योग्य. दोन हजार वॅटची ग्रिल जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह घेते. तिला भूसंपर्क असलेले १६ अँपिअरचे सॉकेट हवे. लांब वायरीचा साधा जोडबोर्ड वापरल्यास तो तापून आग लागण्याचा संभव असतो. न चिकटणारा लेप असलेला तवा रिकामा फार वेळ तापवू नये; असा लेप सुमारे २६० अंशांपर्यंतच सुरक्षित मानला जातो. लोखंडी उलथन्याने तो खरवडू नये. वीजजोडणी असलेला भाग पाण्यात बुडवू नये. खरेदी करताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, हमीपत्र आणि पक्की पावती यांची खात्री करावी. तक्रार उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते.

७. निर्णय

या सर्व विवेचनावरून विजेची ग्रिल सरसकट घ्यावी किंवा सरसकट टाळावी, असे म्हणता येत नाही. ज्या घरात पनीर, मासे किंवा भाज्या दर आठवड्याला भाजल्या जातात, कोळशाची शेगडी पेटवण्याचा मोह होतो आणि योग्य सॉकेट आहे, तेथे ही खरेदी सार्थ ठरेल. ज्या घरात ओव्हन-टोस्टर-ग्रिल आहे किंवा बिडाचा जाड तवा गॅसवर तेच काम करतो, तेथे नव्या उपकरणाची निकड नाही. आणि केवळ गावाकडच्या भरिताची ओढ भागवण्यासाठी ती घ्यायची असेल, तर ती ओढ या उपकरणाने भागणार नाही, हे आधीच ओळखलेले बरे. आपली गरज नेमकी कोणती, हे ज्याला कळले, त्याची खरेदी सहसा चुकत नाही.

भाषाविचार

मराठीत विस्तवाशी संबंधित क्रियापदे विपुल आहेत. *शेकणे* म्हणजे मंद उष्णता देणे. *भाजणे* म्हणजे पाण्याविना आचेवर पक्व करणे. *परतणे* म्हणजे थोड्या तेलातुपात सतत हलवणे. *करपणे* म्हणजे अधिक आचेने जळकट होणे. *होरपळणे* म्हणजे ज्वाळेने किंवा धगीने पोळून निघणे. यांतील काही शब्द मानवी अनुभवांसाठीही वापरले जातात. उदा., ‘दुष्काळात गावे होरपळली.’

पाठगत प्रश्न

१. विजेच्या ग्रिलमध्ये खमंगपणा येतो, पण धुरकटपणा का येत नाही?
२. धूर न देणारे निखारेही बंद खोलीत धोकादायक का असतात?
३. फोरमन यांच्या नावाच्या ग्रिलचा गुण आपल्या आहारात कमी उपयोगी का ठरतो?

स्वाध्याय

१. ३,००० रुपयांची ग्रिल तीन वर्षे, महिन्यातून दोनदा वापरली, तर विजेखेरीज प्रत्येक वापराचा खर्च किती पडेल? त्यावरून तुमचे मत लिहा.
२. ‘वापर बदलला की महाग-स्वस्ताचा अर्थ बदलतो’ या विधानाचे तुमच्या घरातील एका वस्तूच्या आधारे स्पष्टीकरण करा.
३. ‘शेकणे’, ‘करपणे’ व ‘होरपळणे’ ही क्रियापदे स्वतःच्या वाक्यांत योजा.
४. घरासाठी एखादे उपकरण घ्यावे की नाही, या विषयावर दोन्ही बाजू मांडणारा उतारा शंभर शब्दांत लिहा.