नऊच्या आत, सहानंतर

छोटी कर्जं देणाऱ्या संस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये जे नियम केले, त्यातला एक मला तोंडपाठ आहे. थकलेल्या हप्त्यासाठी कर्जदाराला सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांना छळायचं नाही, थकबाकीदाराचं नाव चारचौघांत जाहीर करायचं नाही. नियम अगदी योग्य आहे. बालाघाट जिल्ह्यातल्या लांजी-किरनापूरकडच्या कर्जदार बायांना त्याची गरज होतीच. पण वसुली करणाऱ्या पोरांच्या वाट्याला हे संरक्षण येत नाही. आमच्या ब्रँचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री साडेदहाला यादी पडायची: कोणाचं कलेक्शन किती, कोणाची ओडी, म्हणजे थकबाकी, किती. जे कर्जदाराशी करायला नियमाने मनाई, तेच आमच्याशी रोज व्हायचं, आणि त्याला ‘रिव्ह्यू’ म्हणायचे.

मी बालाघाट जिल्ह्यात अशा एका संस्थेचा फील्ड ऑफिसर होतो. आज दुसरीकडे ब्रँच सांभाळतो. आपल्या हाताखाली अशी पोरं-पोरी काम करत असतील, तर हे वाचा.

पहाटे निघायचं, गावातल्या अंगणात सेंटर, म्हणजे कर्जदार बायांची बैठक, घ्यायचं, हप्ते मोजायचे, पुढचं गाव गाठायचं. दुपारी कॅश जुळवायची, संध्याकाळी थकीत घरांच्या चकरा. राहणं ब्रँचच्याच वरच्या खोलीत. त्यामुळे काम संपलं असं कधी वाटायचंच नाही. जिना उतरला की ऑफिस. आणि आमच्या भागात हप्ता आठवड्याचा, पैसा मात्र हंगामाचा. रोवणी लागली की बाया उजाडायच्या आत बांधीत. धान निघालं की कितीतरी घरं नागपूर-हैदराबादकडे कामाला जातात, दाराला कुलूप. टार्गेटला यातलं काहीच ठाऊक नसतं. मग मधली फट भरते पोराच्या खिशातून. एखाद्या बाईचा हप्ता आपणच भरायचा, म्हणजे यादीत शून्य दिसतं. पुढच्या आठवड्यात दोघींचा. मग मित्राकडून उसने. या धंद्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही.

माझी झोप आधी गेली. फोन वाजला की छाती धडधडायची. भूक मेली. घरी आईला ‘बरं आहे’ एवढंच सांगायचो. एका गावाच्या शिवेवर गाडी थांबवली की पुढे जाववेना. पाय जड व्हायचे. गोंदियाला जाऊन ईसीजी काढला, तो चांगला आला. हे फार जणांच्या बाबतीत होतं. शरीर बोलत असतं, रिपोर्ट नॉर्मल येतात, आणि माणूस समजतो की आपणच नाटक करतोय.

ओळखलं आमच्या कॅशिअरने. दार लोटून म्हणाला, “दादा, या आठवड्यात तुमची कॅश पुन्हा पुन्हा चुकते आहे. तुमची कधी चुकत नाही. काय होतंय?” ‘टेन्शन आहे का’ असं त्याने विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. त्याने जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं, आणि एकट्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तोच मला बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात घेऊन गेला. मध्य प्रदेशात जिल्हा रुग्णालयांत मानसिक त्रासासाठी ‘मनकक्ष’ असतो. गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं, आणि हळूहळू झोप परतली.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की नैराश्य आणि चिंतेपायी जगात दरवर्षी 12 अब्ज कामाचे दिवस बुडतात. 2022 मध्ये तिने कामाच्या जागेसाठी मार्गदर्शन काढलं. माणसाला धीर द्या एवढ्यावर ते थांबत नाही, कामाची पद्धत बदला असंही सांगतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ऑफिसात योगदिन साजरा करून रात्रीची यादी तशीच ठेवली, तर त्या योगाचा उपयोग नाही. 2024 मध्ये पुण्यात एका बड्या कंपनीतली 26 वर्षांची मुलगी गेली, तिच्या आईने कामाच्या भारावर जाहीर पत्र लिहिलं, मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली. आमच्या पोरांच्या आया पत्रं लिहीत नाहीत. म्हणून हे मॅनेजरनेच बघायला हवं.

माझ्या ब्रँचमध्ये संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर आकडा टाकत नाही. ज्याची ओडी वाढली, त्याच्याशी बंद खोलीत बोलतो. आणि सरळ विचारतो, ‘खिशातून किती भरलेस?’ हा प्रश्न विचाराच. पहिल्यांदा शिक्षा न करता ऐका. रागावलात तर पुढचा कोणी खरं सांगणार नाही. अवघड गावाला दोघांना पाठवा. महिन्यातून एकदा तरी सलग दोन दिवस सुट्टी द्या, म्हणजे पोरगं घरी जाऊन आईच्या हातचं जेवून येईल.

उपचाराची गोष्ट ऑफिसला कळेल या भीतीने पोरं दवाखान्यात जात नाहीत. त्यांना सांगा, 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार दवाखान्याने ही माहिती गुप्त ठेवायची असते. विम्यातही मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं, असं तोच कायदा सांगतो. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठी-हिंदी दोन्हीत बोलता येतं. कोणी ‘आता जगून काय करू’ असं म्हणालं, तर त्याला खोलीत एकटं सोडू नका. तिथेच बसून फोन लावा, आणि घरच्यांना बोलावून रुग्णालयात न्या.

उपचार घेऊन पोरगा कामावर परतला की पहिले काही आठवडे जवळची सेंटरं द्या, कॅश कोणीतरी सोबत मोजावी. टार्गेट कमी करा, आणि एरिया मॅनेजरकडून ते लेखी घ्या. तोंडी सवलत त्यांची बदली झाली की संपते.