पेटीतले बाळ घरी निघते तेव्हा

"डॉक्टर, आज सोडणार ना?" नवजात बालकांच्या विभागाच्या दाराशी हा प्रश्न रोज सकाळी ऐकू येतो. विचारणारी बहुधा आजी असते. तिचेही काही चुकत नाही. घरी गुरे शेजाऱ्यांवर टाकून आलेली, आणि जावयाची रजा संपत आलेली असते. पण अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला घरी सोडणे म्हणजे नुसता कागदावर सही करण्याचा कारभार नव्हे. पेटीत त्याला ऊब, दूध आणि चोवीस तास लक्ष मिळत होते. ते सारे आता आईला आणि घराला करायचे असते.

सोडायचे केव्हा, हे नुसत्या वजनाच्या आकड्यावर ठरत नाही. बाळ पेटीबाहेर आपली ऊब राखते का, अंगावर किंवा वाटीचमच्याने पुरेसे दूध घेते का आणि वजन लागोपाठ तीन दिवस वाढते का, हे पाहतात. श्वास मध्येच थांबण्याची खोड गेलेली असावी. शिवाय आईच्या हातून हे सारे होते का, हेही तितकेच महत्त्वाचे. म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस आईने बाळाचे सगळे स्वतः करावे आणि परिचारिकेने जवळ उभे राहून पाहावे, हे उत्तम. नुसते तोंडी सांगितलेले घरी पोचेपर्यंत विसरले जाते.

आता आपल्या जिल्ह्यातली खरी अडचण सांगतो. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. समजा, लेक लांज्याच्या एखाद्या वाडीतली, सासर राजापूरकडचे आणि नवरा नोकरीसाठी नालासोपाऱ्याला. केसपेपरवर पत्ता लिहिला जातो आधार कार्डावरचा, म्हणजे नालासोपाऱ्याचा. बाळ जाते लांज्याला. तिथल्या आशाताईंना या बाळाचा पत्ताच नाही, आणि जिथे पत्ता आहे तिथे बाळ नाही! महिना-दीड महिन्याने आई मुंबईला जाते, तेव्हा इथला धागाही तुटतो. म्हणून सोडताना परिचारिकेला एवढे आवर्जून सांगा की, आज रात्री बाळ कुठल्या गावात, कुठल्या वाडीत झोपणार आहे. घरातले दोन फोन नंबर द्या. तिथल्या आशाताईंचा नंबर आधीच मिळवून ठेवा. मुंबईला जायचे ठरले की कार्ड बरोबर न्या आणि तिथल्या पालिकेच्या आरोग्य केंद्रात दाखवा.

आशाताईंच्या भेटी म्हणजे केवळ हजेरी नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा ३९ गावांतला अनुभव प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्यानंतर २०११ पासून देशभर आशाताईंमार्फत घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात. विशेष कक्षातून सोडलेल्या बाळाकडे घरी आल्यावर चोवीस तासांत पहिली भेट व्हावी असा नियम आहे. ती झाली नाही तर आपणच फोन करावा. त्यात संकोच नको.

प्रवासाचेही तसेच. सरकारी रुग्णालयातून घरी नेण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत मिळते. त्यासाठी १०२ क्रमांक आहे. पावसाळ्यात सकाळी लवकर निघावे. बाळाला दुपट्यात गुंडाळून मांडीवर ठेवण्यापेक्षा टोपडे आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीशी उभे धरावे आणि वरून चादर लपेटावी. ही युक्ती १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी सुरू केली. तिथे पेट्या कमी आणि बाळे जास्त होती. घरीही ती चालू ठेवावी. आई जेवायला, आंघोळीला गेली तर बापाने किंवा आजीने बाळ छातीशी धरावे. आपल्याकडे चार महिने कपडे धड वाळत नाहीत. ओलसर झबले घालण्यापेक्षा हे केव्हाही बरे. ऊब पुरते का, हे हातानेच कळते. पोट गरम आणि तळपाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. पोटही गार लागले तर छातीशी धरून थेट दवाखाना गाठावा.

शेगडीची धुरी, गुटी, मध आणि तेल रगडून घातलेली आंघोळ यांवर आज्यांशी माझा वाद नेहमीचाच. दीड किलोच्या बाळाला धूर सोसत नाही. पोटात आईच्या दुधाखेरीज आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाखेरीज काही नको. दूध दर दोन-तीन तासांनी, झोपले असले तरी उठवून द्यावे. जीवनसत्त्वाचे आणि लोहाचे थेंब लिहून देतात तेव्हा किती थेंब की किती मिली, हे दवाखान्यातच मोजून दाखवायला सांगा. बाटली बदलली की औषधाचे प्रमाणही बदलू शकते.

एका गोष्टीकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते, ती म्हणजे डोळे. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते. फारच अपुऱ्या दिवसांचे असेल तर त्याहूनही आधी. या आजारात डोळा वरून अगदी टवटवीत दिसतो आणि आत पडदा सुटत जातो. वेळेत लेसर केले तर बहुतेकदा दृष्टी वाचते, उशीर झाला तर कायमचे अंधत्व येऊ शकते. पहिली तपासणी ठीक निघाली तरी डॉक्टर 'आता पुरे' म्हणेपर्यंत जावेच लागते. म्हणून सोडण्याच्या कागदावर या तपासणीची तारीख आणि जागा लिहिली आहे का, ते पाहिल्याशिवाय पिशवी उचलू नका. कानांची तपासणी आणि राहिलेल्या लसी यांचेही त्याच वेळी विचारून घ्या.

घरी आल्यावर बाळाने दूध ओढणे सोडले, झटका आला, हलवल्याशिवाय हालचाल करेना, छाती आत ओढली जाऊ लागली, ताप आला, किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. श्वास मोजताना पूर्ण एक मिनिट मोजा, कारण या बाळांचा श्वास मुळातच कमी-जास्त चालतो. बाळ शांत असताना तो साठ किंवा अधिक भरला तर पुन्हा एकदा मोजा, आणि तेवढाच आला तर १०८ ला फोन करा. आजारी बाळाचा सरकारी रुग्णालयातला उपचार एक वर्षाचे होईपर्यंत मोफत आहे, तेव्हा खर्चाच्या धास्तीने घरी थांबू नये. निघताना सोडतेवेळचा कागद बरोबर घ्या. रात्री ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांना त्या बाळाविषयी तेवढाच कागद सांगू शकतो.