कोळंबीचे कवच आणि हरभऱ्याची मर

बुलडाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही कोकणच्या बंदरांवर टाकून दिल्या जाणाऱ्या कोळंबीच्या कवचाचे नाते येथील हरभऱ्याशी जोडता येते.

रब्बीत हिरवेगार दिसणारे हरभऱ्याचे झाड एकाएकी माना टाकून वाळते. खोड उभे चिरले असता आतील भाग तपकिरी-काळपट आढळतो. हा मर रोग होय. त्यास कारणीभूत असलेली फ्युजेरियम बुरशी जमिनीत अनेक वर्षे टिकून राहते व मुळावाटे शिरते; त्यामुळे वरून केलेली फवारणी तिला फारशी बाधत नाही. या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. कोळंबी व खेकडा यांच्या कवचातही, चुना व प्रथिने यांच्या जोडीने, हेच कायटिन असते.

कोळंबी सोलताना तिच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग डोके व कवच यांच्या रूपाने वाया जातो. तैवानमधील संशोधकांनी या कवचाची भुकटी अन्न म्हणून देऊन बॅसिलससारखे जिवाणू वाढविले. कायटिन पचवावयाचे तर जिवाणूला कायटिनेज हे विकर निर्माण करावेच लागते. आयती साखर मिळाली तर पुष्कळसे जिवाणू हा खटाटोप करीत नाहीत! हेच विकर पुढे बुरशीची पेशीभित्तिका विरघळविते. आपल्याकडे बीजप्रक्रियेसाठी वापरली जाणारी ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशीदेखील याच विकराचा आधार घेते.

मात्र हा उपाय सरसकट नव्हे. संत्र्यावरील डिंक्या रोगास कारणीभूत असलेल्या फायटोफ्थोराच्या पेशीभित्तिकेत प्रामुख्याने सेल्युलोज व ग्लुकन असतात. तेथे कायटिनेजची मात्रा चालत नाही. म्हणून कोणतेही जैविक औषध घेताना ते कोणत्या पिकाच्या कोणत्या रोगासाठी आहे, हे ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी शेतकऱ्यांना आवर्जून विचारावयास लावावे.

मर टाळण्यासाठी जाकी ९२१८ सारखे प्रतिकारक वाण व पिकांची फेरपालट यांना पहिला मान द्यावा लागेल. जिवाणू त्यांच्या मदतीला येतात, त्यांची जागा घेत नाहीत. शिवाय पाकिटातील जिवाणू सजीव असतात. पत्र्याच्या तापलेल्या खोलीत ठेवल्यास ते निकामी होतात. पाकीट सावलीत ठेवावे, अंतिम तारीख पाहावी आणि रासायनिक बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावून जैविक प्रक्रिया पेरणीपूर्वी सर्वांत शेवटी करावी.