टाके निघाल्यावर

स्तनाचं ऑपरेशन झालं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष टाक्यांवर असतं. टाके निघाले की ‘झालं बाई एकदाचं’ म्हणून मंडळी केमोच्या तारखांकडे वळतात. व्रणाचं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं आणि चांगलं वर्ष-दीड वर्ष चालतं. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत जुळते, पण तिसऱ्या आठवड्यात तिची ताकद मूळच्या जेमतेम पाव असते. आतले धागे पुढे कित्येक महिने मोडत-जुळत राहतात. एवढं होऊनही ती जागा मूळ कातडीच्या फार तर ८० टक्के मजबूत होते.

माझा डावा स्तन पूर्ण काढला, काखेतल्या गाठीही काढल्या, मग केमो आणि शेवटी रेडिएशन. ऑपरेशन मिरजेला झालं, घर सांगलीत. खालचं थोडं डॉक्टरांकडून शिकले, बरंचसं फिजिओथेरपीच्या बाईंकडून आणि उरलेलं अंगावरून गेलं म्हणून कळलं. तुमच्या सर्जननी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

१. नळीसाठी पिशवी शिवा, आणि वही ठेवा.
घरी येताना काखेखाली नळी आणि तिला लोंबणारी बाटली असते. ती गाऊनला पिनेनं अडकवली तर उठता-बसता हिसका बसतो. जुन्या परकराची एक छोटी पिशवी शिवून गळ्यात अडकवली की हात मोकळे. रोज ठरावीक वेळी किती पाणी जमलं ते लिहायचं. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आलं की बहुतेक सर्जन नळी काढतात. नळी काढल्यावरही कधी कधी आत पाणी साठून जागा डबडबते. ते सुईनं काढतात. तिथली कातडी तोवर बधिर असल्यामुळे सुई फारशी कळतही नाही. पाणी साठलं म्हणजे काही बिघडलं असं नाही. पण लाली, ताप, पू किंवा अचानक वाढलेलं दुखणं यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

२. ओल्या जखमेवर स्वयंपाकघरातलं काहीही नको.
आमच्या चुलत सासूबाई हळद-तुपाची वाटी घेऊनच आल्या होत्या. “अगं, आमच्या वेळी बाळंतपणाचे टाकेसुद्धा यानंच सुकले.” त्यांचा मान ठेवून वाटी घेतली आणि तूप वरणभातावर संपवलं. सौम्य साबण, साधं पाणी, स्वच्छ पंचानं टिपून कोरडं करणं, एवढंच. पुसायचं नाही, टिपायचं. खपली आपली आपण पडू द्यायची. दिवाळीचं उटणंसुद्धा त्या वर्षी त्या बाजूला नको.

३. बघा.
याला धैर्य लागतं वगैरे बोललं जातं. मला तरी धैर्यापेक्षा ट्यूबलाइट जास्त उपयोगी पडली. आमच्या न्हाणीघरातला आरसा दाढीपुरता, वर पिवळा बल्ब. त्यात कसला व्रण दिसणार? कपाटाच्या आरशासमोर, दिवा लावून, दार लोटून बघावं लागतं. काखेकडचं टोक स्वतःला दिसतच नाही, तिथं दुसरं माणूस लागतं. “अहो, मागच्या बाजूला लाल आहे का बघता जरा?” असं विचारायची सवय दोघांनाही लागते. हे सौंदर्यासाठी सांगत नाही. आज कसं आहे ते माहीत असलं तरच उद्या काय बदललं ते कळतं.

१९९३च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकानं मातुश्का या छायाचित्रकार बाईचं स्वतःचं छायाचित्र मुखपृष्ठावर छापलं होतं, व्रण उघडा दिसेल अशा पोशाखातलं. ते मी ऑपरेशननंतर पाहिलं. छायाचित्राच्या धाडसाविषयी लोक बोलतात. माझं लक्ष, खरं सांगते, तिचा व्रण किती सपाट बसलाय याकडेच गेलं.

४. क्रीमपेक्षा बोटं मोलाची.
सगळ्या यादीतलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. व्रण वरून रेघेसारखा दिसतो, पण तो खाली स्नायूंच्या आवरणाला चिकटत जातो. मग हात उचलताना छाती ओढल्यासारखी होते, माणूस नकळत खांदा पुढे घेऊन पोक काढून बसतं आणि पाठ दुखायला लागते. पाठीला बाम चोळून उपयोग नाही, कारण दुखण्याचं मूळ पुढे आहे.

जखम पूर्ण मिटल्यावर, खपली उरली नाही की, सर्जनना विचारून मालिश सुरू करायचं. बहुतेकींना तीन ते सहा आठवड्यांदरम्यान परवानगी मिळते. इथं मालिश म्हणजे तेल लावून वरवर हात फिरवणं नव्हे. उलट पहिल्यांदा तेल नकोच, बोटं घसरतात. दोन बोटं व्रणावर सपाट ठेवायची, नखाखालचा भाग पांढुरका होईल इतका दाब द्यायचा आणि बोटं न सरकवता खालची कातडीच वर-खाली, आडवी, मग गोल हलवायची. बोटभर पुढे जायचं, पुन्हा तेच. काही आठवड्यांनी कातडी चिमटीत धरून हलकेच उचलता येते. जिथं उचलली जात नाही तिथं ती चिकटलेली आहे, तिथं जास्त वेळ द्यायचा. दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटं. शेवटी खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं ते कोरडेपणासाठी. मी हे मालिका बघताना करते. ओढल्यासारखं वाटणं चालतं. सणकून दुखलं, कातडी फाटली किंवा लाल होऊन तशीच राहिली तर थांबायचं.

५. काखेतली दोरी.
ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी हात वर केला की काखेतून कोपराकडे, कधी मनगटापर्यंत, कातडीखाली ताणलेली दोरी दिसते. मी घाबरून गेले होते. काखेच्या गाठी काढलेल्या बऱ्याच जणींना हे होतं. हात जपून छातीशी धरून ठेवणं हा यावरचा उपाय नाही. फिजिओथेरपिस्टकडून ताण देऊन घेणं आणि रोजचा व्यायाम, हा आहे. भिंतीवर बोटं चढवत नेणं, स्वतःची वेणी स्वतः घालणं, दोरीवर कपडे वाळत घालणं हे सगळे व्यायामच. सुरुवातीला किती उंच जायचं ते मात्र विचारून. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: रेडिएशनच्या वेळी हात डोक्यावर ठेवून स्थिर पडावं लागतं. तोवर खांदा मोकळा झाला नसेल तर त्या टेबलावरची मिनिटं फार लांब होतात.

६. सिलिकॉन, आणि बाकीच्या बाटल्या.
व्रण जाड आणि उंच होऊ नये म्हणून सिलिकॉनची जेल किंवा पट्टी वापरतात, तिचा उपयोग होतो. जखम मिटल्यावरच, दिवसाचे बारा तास किंवा जास्त, निदान दोन-तीन महिने. पट्टी रोज धुवायची, कातडीही धुवायची. एप्रिल-मेच्या सांगलीत पट्टीखाली घामोळं येतं, तेव्हा जेल बरी. व्हिटॅमिन ई फोडून लावायचा सल्ला मला निदान डझनभर बायकांनी दिला असेल. त्यानं व्रण सुधारतो असं सिद्ध झालेलं नाही, काहींना पुरळ मात्र उठतं.

७. बधिर जागा भाजते.
काख आणि दंडाची आतली बाजू बधिर राहते, कारण तिथली एक नस ऑपरेशनमध्ये ताणली किंवा कापली जाते. काहींची संवेदना थोडीफार परतते, काहींची नाही. म्हणून गरम पाण्याची पिशवी त्या बाजूला कधीही नाही. चटका बसला तरी कळत नाही, फोड आल्यावर दिसतो. काखेतले केस काढायला ब्लेडऐवजी विजेचं यंत्र. गाठी काढलेल्या हातावर साधा काप गेला तरी धुऊन, औषध लावून लक्ष ठेवायचं; संसर्गानं हात सुजला तर ती सूज मागे लागू शकते.

८. रेडिएशन चालू असताना मालिश बंद. कातडी काळवंडते, सोलते. सैल सुती कपडे, कोमट पाणी, आणि डॉक्टरांनी दिलं तेवढंच मलम. रेडिएशनसाठी कातडीवर काढलेल्या खुणा पुसायच्या नाहीत. कातडी शांत झाली की मालिश पुन्हा सुरू करायचं, कारण रेडिएशननंतरचा घट्टपणा कित्येक महिने वाढत राहतो.

९. आपली कातडी उन्हात लगेच रंग धरते. नवा व्रण एकदा काळा पडला की तो रंग लवकर उतरत नाही. खोल गळ्याचा ब्लाउज असेल तर पदर पुरत नाही. निदान वर्षभर ३० किंवा जास्त एसपीएफचं क्रीम.

१०. पहिले काही आठवडे स्तनाच्या जागी आत हलकी कापडी उशी चालते. जड सिलिकॉनचा स्तन सर्जननी हो म्हटल्यावर. शिवण व्रणावर येणार नाही अशी ब्रा, पुढून हूक असलेली. पर्सचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर. काखेजवळ कातडीची दुमड उरून ती दंडाला घासत असेल तर ‘आता काय या वयात’ म्हणून गप्प बसू नका. छोट्या ऑपरेशननं ती काढता येते.

११. व्रण वाढला किंवा बदलला तर दाखवा.
व्रण आपल्या रेघेतच उंच झाला तर तो बहुधा महिन्यांनी बसतो. रेघ सोडून आजूबाजूला पसरायला लागला, खाजायला लागला तर तो केलॉइड. छाती आणि खांदा ही त्याची आवडती ठिकाणं, सावळ्या कातडीवर तो जास्त होतो. त्यावर स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. स्वतःहून कापून घेतला तर तो परत येतो, कधी मोठा होऊन. आणि व्रणात किंवा शेजारी नवी गाठ, न जाणारं लाल पुरळ, न भरणारं फोडासारखं काही दिसलं तर चार दिवस बघू म्हणायचं नाही. माझ्या व्रणाच्या टोकाला एकदा वाटाण्याएवढं कडक लागलं. सोनोग्राफी झाली, सुई घालून तपासलं, मेलेल्या चरबीची गाठ निघाली. तसंच निघेल हे आधी कुणाला सांगता येत नाही.

गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर रिपोर्ट बघून “ठीक आहे” म्हणतात आणि पुढचा नंबर पुकारला जातो. “डॉक्टर, हात लावून बघा” असं म्हणावं लागतं, आणि म्हटलं की ते बघतातही. म्हणून तपासणीच्या दिवशी मी साडी नेसत नाही. पुढून बटणांचा सैल कुर्ता घालून जाते.