मान वळवणारी गोटी

ट्रकचा गिअरबॉक्स उतरवताना बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट जीव खातात. सरळ गोटी तिथे बसत नाही आणि पाना फिरवायला जागा नसते. मग लांब एक्स्टेंशनच्या टोकाला युनिव्हर्सल जोड, त्यापुढे गोटी, आणि खालून हवेची गन. कळंबोलीच्या गॅरेजांत हे रोजचंच. आमच्याकडे एका हेल्परनं घाईत हातरॅचेटच्या सेटमधला चकचकीत जोड गनला लावला. बोल्ट गंजलेला होता. गनचे ठोके सुरू झाले आणि जोडाची पिन तुटून उडाली. गालाला टाके पडले. डोळ्यावर चष्मा होता, म्हणून डोळा वाचला.

चकचकीत गोट्या बहुधा क्रोम व्हॅनेडियमच्या असतात: कडक, पातळ भिंतीच्या, हाताच्या सलग जोरासाठी उत्तम. गन मात्र सलग जोर देत नाही, तिच्या आतला हॅमर ठोके घालतो. ते ठोके सोसायला क्रोम मॉलिब्डेनमची जाड भिंतीची गोटी लागते. ती थोडी लवते, पण काचेसारखी फुटत नाही. ती सहसा काळी असते. पण नुसता काळा रंग बघून घेऊ नका, बाजारात रंग स्वस्त आहे. अंगावर ‘इम्पॅक्ट’ आणि धातूचं नाव कोरलेलं आहे का बघा. आतून सहाकोनी घ्या. बाराकोनी गोटी गंजक्या बोल्टचे कोपरे खाते. गनचा चौकोन अर्धा इंची असेल तर जोडही अर्धा इंचीच हवा. पाऊण इंची गनला अडॅप्टर लावून छोटा जोड जुंपणं म्हणजे तो मोडायची सोयच.

जोड आणि गोटी एकाच अंगात असलेली मिळते, ती मला जास्त पसंत. उंची कमी भरते, सुटे सांधे कमी होतात. पण प्रत्येक मापाची वेगळी घ्यावी लागते, खिशाला जड जाते. सुटा जोड स्वस्त पडतो, पण गोटी रोखणारी पिन किंवा रबरी रिंग नीट बसवलेली हवी. नाहीतर गोटी बोल्टवर राहते आणि जोड मोकळा फिरतो.

कोनाकडे लोक लक्षच देत नाहीत. एकच जोड १५ अंशांत वाकवला तर गोटीचा वेग दर फेरीत दोनदा साधारण साडेतीन टक्क्यांनी वर-खाली होतो. ३० अंशांत हाच चढउतार १३ ते १५ टक्क्यांवर जातो. वेगाबरोबर जोरही हेलकावतो आणि सगळा मार पिनांवर येतो. म्हणून एक्स्टेंशनची लांबी बदलून, गाडी थोडी वर-खाली करून, जमेल तितकं सरळ या. बोल्ट सोडवायला किंवा हलकेच बसवायला हा जोड चालतो. शेवटचा कस मात्र टॉर्क पान्यानं, सरळ गोटी लावून. जोडातून लावलेल्या टॉर्कच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग पाना कितीही महागाचा असो.

गोटी बोल्टवर पूर्ण बसेपर्यंत ट्रिगर दाबू नका. मोकळी सोडली की मान झोकांड्या खात फिरते आणि हाताला, हवेच्या पाइपला फटके देते. काही जण जोड हातमोज्यानं धरून गन चालवतात. ढिला मोजा पिनेत अडकला की बोटं आत ओढली जातात. चष्मा तर हवाच, कानालाही काहीतरी लावा.

सकाळी एकदा जोडाची दोन टोकं धरून पिळून बघायची. फार ढिला झाला असेल, पिन बाहेर डोकावत असेल किंवा चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक चीर असेल, तर तो गेला. वेल्डिंग करून वापरायचा नाही, उष्णतेनं पोलादाचं पाणीच उतरतं. गेलेला जोड आम्ही ग्राइंडरनं कापूनच भंगारात टाकतो. अख्खा टाकला तर रात्री अडलेलं कोणीतरी तो डब्यातून पुन्हा उचलतं.