हरणाऱ्या संघाचा पुढचा हंगाम : पुनर्बांधणीचा एक अभ्यास

आर्थिक वर्ष संपत आले, की बँकेच्या शाखाशाखांतून पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाची लगबग सुरू होते. मागील आकडे समोर ठेवून पुढचे अनुमान बांधणे, हे आम्हा बँक कर्मचाऱ्यांचे नित्याचेच काम. अमेरिकेत याच सुमारास, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, व्यावसायिक बेसबॉलचे तीस संघ सराव शिबिरांत दाखल होतात आणि प्रत्येक शहरातील प्रेक्षक एकच प्रश्न विचारतो, "यंदा आपल्या संघाचे काय?" गतवर्षी जिंकलेल्या संघापुरते उत्तर सोपे असते, परंतु ज्या संघाने जुनी घडी मोडून नवी बसवावयास घेतली आहे, त्याच्याविषयी काय सांगावे?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो माझ्या मावसभावामुळे. ते नोकरीनिमित्त अमेरिकेतील ह्यूस्टन येथे स्थायिक आहेत. २०१३ च्या अखेरीस दूरध्वनीवर ते म्हणाले, "अरे, तू कर्जप्रस्ताव तपासतोस ना? मग आमच्या अ‍ॅस्ट्रोज संघाचा ताळेबंद एकदा तपास आणि सांग, पुढच्या वर्षी मुलासाठी तिकिटे घ्यावीत की नाही?" थट्टेत विचारलेल्या त्या प्रश्नाचा मी पुढे अनेक वर्षे अभ्यास करीत राहिलो. त्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पुनर्बांधणी म्हणजे काय?

या स्पर्धेत प्रत्येक संघ एप्रिल ते सप्टेंबर या काळात तब्बल १६२ सामने खेळतो. शंभर सामने गमावणे ही नामुष्की समजली जाते. ह्यूस्टनच्या संघाने २०११ मध्ये १०६, २०१२ मध्ये १०७ आणि २०१३ मध्ये १११ सामने गमावले. तीन वर्षांत ३२४ पराभव! २०१३ च्या हंगामातील शेवटचे पंधरा सामने तर त्यांनी सलग गमावले.

यातील बराचसा भाग जाणीवपूर्वक पत्करलेला होता. २०११ च्या उत्तरार्धात जिम क्रेन यांनी संघ विकत घेतला आणि जेफ लूनो यांच्याकडे व्यवस्थापनाची सूत्रे सोपविली. नामवंत व महागडे खेळाडू अन्य संघांना देऊन त्यांच्या मोबदल्यात होतकरू तरुण मिळवावयाचे, वेतनखर्च किमान पातळीवर आणावयाचा आणि वाचलेले बळ खेळाडू घडविण्याकडे वळवावयाचे, असे हे धोरण होते. त्याला आणखी एका नियमाची जोड होती. दरवर्षी नवोदित खेळाडूंची निवड होते, तीत सर्वाधिक सामने हरलेल्या संघाला त्या काळी पहिला क्रमांक मिळत असे. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी तीन वर्षे ह्यूस्टनने हा पहिला मान मिळविला.

आपल्या परिभाषेत सांगावयाचे, तर एखाद्या आजारी उद्योगाने जुनी यंत्रे विकून, उत्पादन जवळजवळ थांबवून, नव्या प्रकल्पाची उभारणी सुरू करावी, तसा हा प्रकार होता. अशा उद्योगाचा नफा-तोटा पत्रक पाहून निर्णय घेणारा अधिकारी फसतो आणि केवळ प्रकल्प अहवालातील स्वप्ने पाहून निर्णय घेणाराही फसतो. मग पाहावे तरी काय?

पहिली कसोटी : जय-पराजयामागील धावा

बेसबॉलचे अभ्यासक बिल जेम्स यांनी एक सोपे सूत्र रूढ केले. संघाने काढलेल्या धावांचा वर्ग करावा. दिलेल्या धावांचाही वर्ग करावा. पहिल्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागावे. जे उत्तर येते, साधारण तेवढ्या प्रमाणात संघाने सामने जिंकावयास हवे होते, असे समजावे. अटीतटीचा सामना नशिबाने इकडचा तिकडे होऊ शकतो. संपूर्ण हंगामातील धावांची बेरीज मात्र सहसा खोटे बोलत नाही.

२०१३ मध्ये ह्यूस्टनने ६१० धावा काढल्या व ८४८ दिल्या. सूत्रानुसार सुमारे ५५ विजय अपेक्षित होते. प्रत्यक्षात मिळाले ५१. म्हणजे संघ वाईट होताच, परंतु दिसत होता त्याहून थोडा कमी वाईट होता. २०१४ मध्ये ६२९ धावा काढल्या आणि ७२३ दिल्या. अपेक्षित विजय ७०, प्रत्यक्षातही ७०. येथे मूळ सुधारणा कोठे झाली, हे वाचकांनी पाहावे. धावा काढण्यात केवळ १९ ची भर पडली. दिलेल्या धावांत मात्र १२५ ची घट झाली. उत्पन्न फारसे न वाढताही गळती थांबविल्याने संस्था सावरते, हे आपणांस अनुत्पादित कर्जांच्या अनुभवावरून ठाऊक आहेच.

२०१५ मध्ये ७२९ धावा काढून ६१८ दिल्या आणि ८६ सामने जिंकून संघ बाद फेरीत पोहोचला. सूत्र तर ९४ विजय सुचवीत होते. साहजिकच २०१६ विषयी मोठ्या आशा निर्माण झाल्या. पण त्या वर्षी विजय झाले ८४ आणि बाद फेरीही हुकली. अनुमान हे अनुमानच असते, हमी नव्हे, हा धडा येथे मिळतो.

दुसरी कसोटी : वय आणि करार

धावांचा हिशेब भूतकाळ सांगतो. भविष्यासाठी त्या धावा कोणी काढल्या हे पाहावे लागते. पस्तिशीच्या खेळाडूने वर्षभराच्या करारावर केलेली कामगिरी पुढील वर्षी आपल्याकडे असेलच असे नाही. तेविशीच्या खेळाडूची तीच कामगिरी म्हणजे दीर्घ मुदतीची ठेव होय. कारण नवा खेळाडू सर्वसाधारणपणे सहा वर्षांची मुख्य स्पर्धेतील सेवा पूर्ण होईपर्यंत मूळ संघाशी बांधलेला असतो.

ह्यूस्टनकडे व्हेनेझुएलाचा होझे अल्टुव्हे होता. ठेंगण्या बांध्याच्या या मुलाला संघाने पुनर्बांधणीच्या कितीतरी आधी अवघ्या १५,००० डॉलरांत करारबद्ध केले होते. २०११ च्या निवडीतील जॉर्ज स्प्रिंगर आणि २०१२ च्या निवडीतील कार्लोस कोरेया यांची तयारी दुय्यम स्पर्धांत चालू होती. २००९ मध्ये सातव्या फेरीत निवडलेला डॅलस कायकल हळूहळू आकार घेत होता. २०१५ मध्ये कोरेया सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला आणि कायकलला सर्वोत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. पराभवांच्या राशीखाली झाकलेली संपत्ती ती हीच.

तिसरी कसोटी : बुडीताची तरतूद

होतकरू खेळाडूंची यादी वाचताना प्रत्येक नाव यशस्वी होणार असे धरून चालणे, म्हणजे सर्व कर्जे शंभर टक्के वसूल होणार असे धरण्यासारखे आहे. २०१३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला पिचर मार्क अ‍ॅपेल ह्यूस्टनसाठी मुख्य स्पर्धेत एकही सामना खेळला नाही. २०१४ च्या पहिल्या निवडीशी, ब्रॅडी एकेनशी, करारच होऊ शकला नाही. त्याच्या भरपाईदाखल २०१५ मध्ये दुसरा क्रमांक मिळाला आणि त्यातून अ‍ॅलेक्स ब्रेगमन लाभला. उलट, मार्च २०१४ मध्ये संघाने जे. डी. मार्टिनेझ या फलंदाजाला मुक्त केले आणि तो डेट्रॉइटकडे जाताच चमकला. तेव्हा तीनांपैकी एक निवड फळली, तर हिशेब जुळावा, अशा बेताने आगामी हंगामाचे अनुमान करावे.

त्याच वाटेने गेलेला दुसरा संघ

ह्यूस्टनने २०१७ मध्ये १०१ सामने जिंकले आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाला सात सामन्यांच्या अंतिम लढतीत नमवून पहिलेवहिले अजिंक्यपद मिळविले. हे यश पाहून अनेकांना वाटले, की हरण्याची तयारी ठेवली की पुढे विजय ठरलेलाच. शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाची कथा या समजाला छेद देते.

डिसेंबर २०१६ मध्ये शिकागोने ख्रिस सेल हा आपला श्रेष्ठ पिचर बोस्टनला दिला आणि तरुण खेळाडूंची मोट बांधली. २०२० व २०२१ मध्ये संघ बाद फेरीतही पोहोचला. २०२१ मध्ये ९३ विजयांसह त्यांनी आपल्या गटात अव्वल स्थान पटकावले. मात्र तेथून इमारत खचली. २०२२ मध्ये ८१ विजय, २०२३ मध्ये ६१ आणि २०२४ मध्ये अवघे ४१. त्या वर्षीचे १२१ पराभव हा १९०१ पासूनच्या आधुनिक काळातील उच्चांक आहे. काढलेल्या धावा ५०७, दिलेल्या ८१३. सूत्राने विजय निघतात सुमारे ४५. म्हणजे दुर्दैवाच्या खात्यावर जेमतेम चार पराभव टाकता येतात. उरलेली उणीव खरीच होती. २०२५ मध्ये संघाने ६० विजय मिळविले. एकोणीस विजयांची ही भर म्हणजे ह्यूस्टनच्या २०१४ मधील सुधारणेइतकीच. पण तेवढ्यावरून शिकागोच्या पुढेही तेच फळ वाढून ठेवले आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

शिवाय नियमही बदलले आहेत. २०२३ च्या निवडीपासून पहिले सहा क्रमांक सोडतीने ठरतात आणि तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच, म्हणजे १६.५ टक्के संधी असते. मुद्दाम तळ गाठणाऱ्याला बक्षीस मिळू नये, हा त्यामागील हेतू.

यशानंतरचे लेखापरीक्षण

ह्यूस्टनची कथा अजिंक्यपदाशी संपली असती, तर हा लेख लिहिणे सुखाचे झाले असते. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये उघड झाले, की २०१७ मध्ये या संघाने मैदानातील कॅमेऱ्याच्या साहाय्याने प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा चोरल्या आणि कचऱ्याचा डबा बडवून आपल्या फलंदाजांना इशारे दिले. १३ जानेवारी २०२० रोजी संघाला ५० लाख डॉलरांचा दंड झाला. दोन वर्षांच्या पहिल्या व दुसऱ्या फेरीतील निवडी काढून घेण्यात आल्या. लूनो आणि प्रशिक्षक ए. जे. हिंच यांना वर्षभरासाठी निलंबित करण्यात आले व संघमालकांनी त्याच दिवशी दोघांनाही सेवेतून दूर केले. अजिंक्यपद कायम राहिले. पण त्याला लागलेला डाग पुसला गेला नाही.

वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्यांत हा धोका कोठेच दिसला नसता. आकड्यांत उत्कृष्ट ठरणाऱ्या शाखेतही अंतर्गत तपासणी का करावयाची, याचे उत्तर आम्हा बँक कर्मचाऱ्यांना येथे मिळते. उद्दिष्ट जितके मोठे, तितकी ते कोणत्या मार्गाने गाठले गेले याची चौकशी अधिक काटेकोर हवी.

सारांश

मावसभावांना मी त्या वेळी एवढेच सांगितले होते, "दादा, संघ पुढील वर्षीही जिंकण्यापेक्षा अधिक सामने हरेल. पण या वर्षीइतके नाही. परवडत असतील, तर थोडी तिकिटे घ्या." त्यांनी घेतली. रिकाम्या बाकांमधून मुलाबरोबर पाहिलेले २०१४ चे सामने त्यांना आजही आठवतात. २०२० मध्ये मात्र त्यांचा स्वर पडलेला होता. ते म्हणाले, "हरत होते, तेव्हा मुलाला समजावणे सोपे होते रे."

पुनर्बांधणीतील संघ असो, उद्योग असो की आपली स्वतःची गुंतवणूक असो, पुढील वर्षाचा विचार करताना मागील निकालामागचे खरे आकडे पाहावेत, मालमत्तेचे उरलेले आयुष्य पाहावे, बुडीताची तरतूद करावी आणि प्रतीक्षेची किंमत कोण मोजत आहे याचे भान ठेवावे. ह्यूस्टनमध्ये ती किंमत तीन वर्षे हरणारे सामने पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाने मोजली. ज्याच्या विश्वासावर आपण उभारणी करतो, त्याच्याशी प्रामाणिक राहणे हीच त्या विश्वासाची खरी परतफेड होय.